मेंदूच्या गाठीचं ऑपरेशन झालं, आता पुढे कोणाकडे जायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. माझ्या मोठ्या भावाच्या मेंदूत डाव्या बाजूला, पुढच्या भागात गाठ होती. फिट आली तेव्हा कळलं. बोलणं शाबूत राहावं म्हणून ऑपरेशन त्याला जागं ठेवून केलं, आणि बोलण्याच्या केंद्राला चिकटलेला थोडा भाग मुद्दाम तसाच सोडला. रिपोर्ट: ऑलिगोडेंड्रोग्लायोमा (मेंदूच्या आधारपेशींची गाठ) एनओएस, ग्रेड २ (हळू वाढणारी), आयडीएच म्युटेशन पॉझिटिव्ह, म्हणजे आयडीएच या जनुकात बदल सापडला. लगेच रेडिएशन नको, अधूनमधून एमआरआय करून लक्ष ठेवू, असं सर्जन म्हणतात.

इथवर ठीक. पण दादा पहिल्यासारखा नाही. शब्द अडतात. काम हातात घेतो आणि मध्येच सोडून बसून राहतो. कधी आवाज न चढवणारा माणूस आता फुटकळ गोष्टीवरून वहिनीच्या अंगावर येतो. नातेवाईक म्हणतात, "बरा झालाय ना, मग कामाला लाव." (नातेवाईकांसाठी वेगळा धागा काढावा लागेल.) सर्जन म्हणतात, गाठ स्थिर आहे. ते खरंच आहे, पण आमचा प्रश्न गाठीचा नाही.

हे सगळं कोण बघतं? न्यूरोलॉजिस्ट, न्यूरो-ऑन्कोलॉजिस्ट (मेंदूच्या गाठींचे कॅन्सरतज्ज्ञ) की मानसोपचारतज्ज्ञ? दुसरं मत घ्यायचं तर बरोबर काय न्यायचं? फिटसाठी लेव्हेटिरासिटाम चालू आहे. घरगुती उपाय आणि चमत्कार कृपया नकोत.

रात्रपाळी: न्यूरो वॉर्डात नर्स आहे, डॉक्टर नाही, त्या बेताने वाचा. आधी गोळीचं. लेव्हेटिरासिटामने काही जणांची चिडचिड फार वाढते. न्यूरोलॉजिस्टना हे स्पष्ट सांगा. डोस किंवा औषध बदलता येतं. पण स्वतःहून बंद करू नका, फिट उलटतात. ऑपरेशननंतरचं डेक्सामेथासोन (सूज उतरवणारं स्टिरॉइड) अजून चालू असेल तर तेही सांगा. त्यानेही झोप उडते, स्वभाव बदलतो, मांड्यांतली ताकद जाते, आणि तेही एकदम थांबवायचं नसतं.

काम अर्धवट सोडणं हा आळस नाही. सुरुवात करणं, क्रम लावणं, रागाला आवर घालणं ही कामं मेंदूचा पुढचा भागच करतो. न्यूरोसायकॉलॉजिस्टकडून लक्ष, स्मरण आणि नियोजनाची तपासणी करून घ्या. नेमकं काय बिघडलंय ते कळतं, आणि कामावर परतायचं तर काय झेपेल तेही. अडणाऱ्या शब्दांसाठी स्पीच थेरपिस्ट. वहिनींनी एका वेळी एकच गोष्ट सांगावी, टीव्ही बंद करून, आणि उत्तराला वेळ द्यावा. त्याचं वाक्य आपण पूर्ण करायचं नाही, हे सगळ्यात अवघड.

या सगळ्यांना एकत्र बांधणारा माणूस म्हणजे न्यूरो-ऑन्कोलॉजिस्ट. तो नसेल तिथे 'ही केस ट्यूमर बोर्डासमोर ठेवली होती का?' एवढं तरी विचारा. सर्जन, रेडिएशनवाले, पॅथॉलॉजिस्ट, रेडिओलॉजिस्ट एकत्र बसून ठरवतात त्याला ट्यूमर बोर्ड म्हणतात.

कण्यावरचा: माझी गाठ मणक्यात, मज्जारज्जूच्या आत होती, एपेंडायमोमा. आजार वेगळा, गोष्ट तीच. एमआरआय स्वच्छ, आणि मी मात्र पायाखालची जमीन जाणवत नाही म्हणून भिंत धरून चालायचो. मला उभं केलं ते रिहॅबच्या टीमने: फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, आणि लघवीचं वेळापत्रक बसवून देणारी नर्स. हे शेवटचं कोणी आपणहून काढत नाही, लाज सोडून विचारावं लागतं. मणक्याची गाठ असलेले कोणी वाचत असतील तर: पायांतली ताकद झपाट्याने कमी होणं, बसण्याच्या जागेभोवती बधिरपणा, लघवी अडणं, यातलं काहीही झालं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी इमर्जन्सीत जा.

ताई, वहिनींना आठवड्यातून काही तास तरी तिथून बाहेर काढा. सल्ला नको, बदली द्या.

रात्रपाळी: दुसऱ्या मताचं राहिलं. ऑपरेशनआधीचे आणि नंतरचे एमआरआय सीडीवर, डायकॉम स्वरूपात (स्कॅनच्या मूळ डिजिटल फाइल्स). छापील फिल्म पुरत नाही. ऑपरेशन नोट्स, डिस्चार्ज समरी, आणि मुख्य म्हणजे पॅथॉलॉजीच्या स्लाइड्स व पॅराफिन ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला गाठीचा तुकडा). 'एनओएस' म्हणजे सहसा जनुकीय चाचण्या अपुऱ्या आहेत. डब्ल्यूएचओच्या २०२१च्या वर्गीकरणात ऑलिगोडेंड्रोग्लायोमा म्हणायला आयडीएच म्युटेशन आणि १पी/१९क्यू कोडिलीशन (गाठीच्या पेशींत १ आणि १९ या गुणसूत्रांचा एकेक भाग गळालेला असणं), दोन्ही लागतात. दुसरं नसेल तर ती ॲस्ट्रोसायटोमा, म्हणजे वेगळ्या प्रकारची गाठ ठरू शकते, आणि पुढचा हिशेब बदलतो.

धागाकर्ती: रिपोर्ट पुन्हा काढला. १पी/१९क्यूपुढे 'केलेली नाही' असंच आहे. यासाठी पुन्हा ऑपरेशन लागेल का? दादाला विचारायचीही भीती वाटते.

रात्रपाळी: नाही हो, बहुतेक वेळा जपून ठेवलेल्या त्याच ब्लॉकवर होते. पॅथॉलॉजी विभागात लेखी अर्ज द्या, पोच घ्या. आणि आयडीएचचा नेमका प्रकार लिहून ठेवा: अशा ग्रेड २ गाठींसाठी ऑपरेशननंतर द्यायच्या व्होरासिडेनिब या गोळीला अमेरिकेत ऑगस्ट २०२४मध्ये मंजुरी मिळाली आहे. दादांना लागू आहे की नाही हे न्यूरो-ऑन्कोलॉजिस्टच सांगतील, पण प्रश्न यादीत असू दे.

धागाकर्ती: सोमवारी अर्ज देते. काय होतं ते इथेच लिहीन.