मदत हवी आहे: लाइट ये-जा झाल्यापासून नॅसमधल्या दोन डिस्क एकदम गायब (नाशिक)

सिडको_स्टुडिओ

मंडळी, जरा तातडीनं मदत हवी आहे. चार बेची (डिस्क बसवायच्या कप्प्यांची) नॅस पेटी, म्हणजे नेटवर्कवरून वापरायची डिस्कची पेटी, ४ टीबीच्या चार डिस्क, रेड ५ (एक डिस्क गेली तरी डेटा राहतो अशी मांडणी). आत लग्नांचे रॉ फोटो आणि व्हिडिओ आहेत. अॅडॅप्टर पेटीबरोबरच आलेला, १२ व्होल्ट ८.३३ अँपिअर, पाच वर्षं जुना. पेटी घरगुती इन्व्हर्टरवर आहे.

परवा वळवाच्या पावसात लाइट लागोपाठ गेली-आली. तेव्हापासून ३ आणि ४ नंबरच्या डिस्क दिसत नाहीत, व्हॉल्यूम 'क्रॅश' दाखवतंय. पेटी चालू केली की मोटर फिरायला लागते, टिक असा आवाज येतो, बसते, पुन्हा फिरते. स्क्रीनवर 'रिपेअर' बटण आलंय. दाबू का? आणि दोन नव्या डिस्क मागवू का? मार्चनंतरच्या कामांचा बॅकअप नाही.

गोदाकाठ

रिपेअर अजिबात दाबू नका. पेटी बंद करा, अॅडॅप्टर काढा, डिस्क बाहेर घेऊन प्रत्येकीवर बेचा नंबर मार्करनं लिहा.

दोन डिस्क एकाच संध्याकाळी मरणं फार दुर्मीळ. दोन एकदम गेल्या की आधी वीज बघायची, मग बॅकप्लेन (डिस्क ज्यात खुपसतात तो पेटीतला बोर्ड), डिस्क सगळ्यात शेवटी. ३.५ इंची डिस्कची मोटर १२ व्होल्टवर चालते, बोर्ड ५ वर. फिरत असताना ती पाच-सहा वॉटच घेते, पण थांबलेली मोटर उठवायला पहिले काही सेकंद १२ व्होल्टवर दीड-दोन अँपिअर लागतात. चारही एकदम उठल्या की ६ ते ८ अँपिअर झाले, शिवाय पेटीचा स्वतःचा बोर्ड. म्हणजे तुमचा अॅडॅप्टर नवा होता तेव्हाच काठावर होता. आतले कपॅसिटर उष्णतेनं सुकत जातात. रोजचं काम निभतं, पण उठताना व्होल्टेज कोसळतं. मग डिस्कचा बोर्ड रीसेट होतो, हेड जागेवर परततं (टिक), मोटर पुन्हा पहिल्यापासून. चारांपैकी दोनच पडतात, कारण किती पडझड सोसायची ते प्रत्येक डिस्कचं थोडं वेगळं असतं.

आता खात्री करा. चारही डिस्क बाहेरच ठेवा आणि एखादी रिकामी, जुनी डिस्क एकटीच ३ नंबरच्या बेमध्ये लावा, मग ४ मध्ये. दोन्हीकडे नीट उठली तर बे आणि बॅकप्लेन ठीक, लोडचा प्रश्न आहे.

अंबड_पॅनेल

अॅडॅप्टर नुसता मल्टिमीटर लावून तपासू नका. लोड नसताना मेलेला अॅडॅप्टरही १२.१ दाखवतो. गाडीच्या हेडलाइटचा १२ व्होल्ट ५५ वॉटचा बल्ब लावा, साडेचार अँपिअर ओढेल. गॅरेजवाल्याकडे सहज मिळतो.

गोदाकाठ

बल्बनं इथे फसगत होते. फिलामेंट थंड असताना त्याचा रेझिस्टन्स फार कमी असतो, पहिल्या क्षणी कितीतरी पट करंट ओढला जातो आणि चांगला अॅडॅप्टरही प्रोटेक्शनमध्ये जातो. त्यापेक्षा २ ओहम १०० वॉटचा अॅल्युमिनियमच्या खोळीतला रेझिस्टर घ्या: १२ भागिले २, म्हणजे ६ अँपिअर, ७२ वॉट. जाड पत्र्यावर बसवा आणि दहा सेकंदांपेक्षा जास्त ठेवू नका, हात भाजेल. त्या वेळात ११.४ च्या खाली गेलं तर अॅडॅप्टर बाद.

अंबड_पॅनेल

बरोबर, रेझिस्टरच घ्या. एक भर घालतो. नवा अॅडॅप्टर घेताना पिन बघा. या पेट्यांना बहुतेक वेळा चार पिनांचा गोल डिन कनेक्टर असतो आणि प्लस-मायनसची मांडणी कंपनीगणिक बदलते. पिन बसली म्हणजे मांडणी जुळली असं नाही. जुन्यावर मीटरनं चारही पिना मोजून कागदावर काढा, मग नवा मोजा. उलटं लागलं तर पेटीबरोबर डिस्कचे बोर्डही जाऊ शकतात. कॅमेऱ्यांचा जाळीवाला १२ व्होल्ट १० अँपिअर एसएमपीएस (पॉवर सप्लाय) कुणी सुचवेल. तो लावायचाच तर त्यातला छोटा स्क्रू फिरवून आधी १२.१ वर आणा, कारण लांब वायरसाठी तो बऱ्याचदा १३ पर्यंत चढवलेला असतो.

सिडको_स्टुडिओ

केलं. जुनी डिस्क दोन्ही बेमध्ये व्यवस्थित उठली. अॅडॅप्टर लोडशिवाय १२.१, रेझिस्टरवर १०.६ आणि चिंचिं आवाज. म्हणजे तोच. नवा आणून चारही डिस्क लावू ना?

गोदाकाठ

अजून नाही. वीज सापडली, पण डेटा कुठल्या अवस्थेत आहे ते कळलेलं नाही. पेटी सुरू झाली की ती स्वतःच्या मनानं अॅरे (चारही डिस्क मिळून झालेला संच) जुळवायला जाते.

डिस्क एका डेस्कटॉपला थेट साटा पोर्टवर (मदरबोर्डवरच्या डिस्कच्या सॉकेटवर) लावा, पॉवर त्याच्या एसएमपीएसच्या मूळ वायरींमधून द्या. मोलेक्सवरून (जुन्या चार पिनांच्या पॉवर प्लगवरून) साटा करणारे प्लॅस्टिक ओतलेले स्वस्त कनव्हर्टर वापरू नका, ते आतून शॉर्ट होऊन पेटतात. लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह लावा आणि दोन गोष्टी फक्त वाचा.

एक, स्मार्ट (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद). त्यात ५, १९७, १९८ हे आकडे शून्य हवेत. तिथे भर पडली तर डिस्कचा पृष्ठभाग खराब. १९९ वाढला तर केबल किंवा कनेक्टर. १९२ म्हणजे अचानक वीज जाऊन हेड परतल्याची नोंद. तो ३ आणि ४ वर बाकी दोघींपेक्षा बराच जास्त दिसेल.

दोन, एमडीएडीएमचं (लिनक्समधल्या रेड सांभाळणाऱ्या टूलचं) 'एक्झामिन', प्रत्येक डिस्कच्या मोठ्या पार्टिशनवर. छोटी पार्टिशनं पेटीच्या सिस्टीमची असतात, ती सोडा. 'इव्हेंट्स' (अॅरेतल्या बदलांची मोजणी; मागे पडलेल्या डिस्कवर आकडा कमी असतो) आणि 'अपडेट टाइम' इथे लिहा. 'क्रिएट' हा शब्द असलेली कुठलीही कमांड देऊ नका, कुणीही सांगितली तरी.

सिडको_स्टुडिओ

५, १९७, १९८, १९९ चौघींवर शून्य. १९२: पहिल्या दोघींवर ४१ आणि ४३, तिसरीवर ३१८, चौथीवर १६७. इव्हेंट्स: १ आणि २ वर ४८२११, ४ वर ४८२०७, ३ वर ३१९६०. तिसरीची अपडेट टाइम दोन महिन्यांपूर्वीची!

गोदाकाठ

म्हणजे दोन्ही एकदम गेल्या नाहीत. तिसरी दोन महिन्यांपूर्वीच अॅरेतून पडली, पेटी तिघींवर चालत राहिली, आणि परवा चौथी पडली तेव्हा सगळं थांबलं. तिसरीवर दोन महिन्यांपूर्वीचा डेटा आहे. तिला जबरदस्तीनं आत घेऊन चौथी बाहेर राहिली असती, तर जुने-नवे तुकडे मिसळून फोटो फाटले असते. तिसरी बाजूलाच ठेवा.

१, २ आणि ४ च्या प्रती डीडीरेस्क्यूनं (डिस्कची जशीच्या तशी प्रत काढणाऱ्या टूलनं) तितक्याच किंवा मोठ्या डिस्कवर काढा, मॅपफाइल (कुठवर प्रत झाली त्याची नोंद) देऊन. एका डिस्कला सात-आठ तास धरा. मग मूळ डिस्क काढून ठेवा आणि फक्त प्रतींवर एमडीएडीएमचं 'असेम्बल' (डिस्क जोडून अॅरे उभा करणं) 'फोर्स'सह, म्हणजे जबरदस्तीनं, चालवा, तीनच पार्टिशन देऊन. चौथी चारच इव्हेंट मागे आहे, त्यामुळे अगदी शेवटी लिहिलेलं तेवढं संशयास्पद. रीड-ओन्ली माउंट करा (फक्त वाचता येईल असं उघडा), डेटा बाहेरच्या डिस्कवर उतरवा, आणि त्या दिवशी कॉपी केलेल्या फाइली एकेक उघडून बघा.

डेटा हातात आल्यावरच पेटी नव्यानं बांधा. तिसरीची आधी स्मार्टची लाँग टेस्ट करा. पास झाली तर कोरी डिस्क म्हणून वापरा.

अंबड_पॅनेल

आणि इन्व्हर्टर 'नॉर्मल'वर असेल तर 'यूपीएस'वर टाका. नॉर्मलमध्ये तो बदलायला जास्त वेळ घेतो, आणि अॅडॅप्टर वीज नसताना जेमतेम १५-२० मिलिसेकंद धरतो. त्याहून बरं म्हणजे पेटीला वेगळा ६०० व्हीएचा यूपीएस, यूएसबी केबल पेटीला जोडून, पाच मिनिटांनी शटडाऊन. 'लाइट आली की आपोआप सुरू' हे सेटिंग बंद करा. वळवात लाइट आल्या-आल्या परत जाते आणि प्रत्येक वेळी चारही मोटरी उठतात.

पेटीचा बझर आणि मेल अलर्ट चालू आहेत का बघा. चाचणी मेल स्टुडिओच्या पत्त्यावर न पाठवता रोज उघडता त्या पत्त्यावर पाठवा, आणि पहिल्यांदा स्पॅममध्ये शोधा.