तिहुआना: खाऊन यायचं गाव की बघायचं?

देशमुख_सॅनडिएगो

सॅन डिएगोला पाहुणे आले की दोन-तीन दिवसांत विषय निघतोच, "पलीकडे मेक्सिकोतलं तिहुआना आहे ना, जाऊन येऊ या का?" माझं म्हणणं असं की जरूर जावं, पण जेवायला. बघायला म्हणून गेलात तर पस्तावाल.

सॅन इसिद्रोची हद्द ओलांडून वीस-पंचवीस मिनिटं चाललं की आव्हेनिदा रेव्होलुसिओन लागतो. मोठ्या टोप्या, कुस्तीवाल्यांचे मुखवटे, हाका मारणारे औषधांचे दुकानदार आणि झेब्र्यासारखे पट्टे रंगवलेलं एक बिचारं गाढव. त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढायचे पैसे! अख्खा रस्ता अमेरिकन गिऱ्हाइकासाठी मांडलेला. मेक्सिको कुठंय यात?

त्यापेक्षा गाडी करून सरळ टाकोवाल्याकडे जा. अदोबादा म्हणजे लाल मसाल्यात मुरवलेलं डुकराचं मांस, उभ्या सळईवर फिरत असतं. कारागीर एका हातात पोळी धरून दुसऱ्या हाताने सुरी चालवतो, काप थेट पोळीत पडतात. वर कांदा, कोथिंबीर, तिखट साल्सा, ग्वाकामोलेचा (अवोकाडोच्या चटणीचा) गोळा, आणि कागदात गुंडाळून हातात. उभ्याउभ्या खायचं, पुढचा सांगायचा. बीफ चालत असेल तर मेस्कीत लाकडाच्या निखाऱ्यावर भाजलेलं आसादा आणि रश्शात शिजवलेलं बिर्रियासुद्धा.

बाकी 'प्रेक्षणीय स्थळं' वगैरे सोडून द्या. पटतंय का?

शंकासुर

अजिबात नाही. ज्या रस्त्याला तुम्ही नाक मुरडताय त्याच रस्त्याने हे शहर मोठं केलंय. 1920 ला अमेरिकेत दारूबंदी आली आणि तहानलेली कॅलिफोर्निया हद्द ओलांडून इथे येऊ लागली. 1928 ला आग्वा कालिएन्तेचा जुगारमहाल उघडला, हॉलिवूडची मंडळी यायची. 1935 ला मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष कार्देनास यांनी जुगारावर बंदी घातली आणि तो खेळ संपला. म्हणजे पाहुण्यांसाठी दुकान मांडणं हाच या गावाचा इतिहास. तो 'नकली' कसा?

गाढवाचंही तसंच. जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोंत फिकट गाढव उठून दिसेना म्हणून पट्टे ओढले असं सांगतात. आता गावच्या बास्केटबॉल संघाचं नावसुद्धा झोंकीज (झेब्रा + डाँकी) आहे. जनावराचे हाल होतात म्हणून नको म्हणा, तो मुद्दा मला मान्य. पण 'मेक्सिको कुठंय' हा मुद्दा नाही चालणार.

आणि अस्सलच शोधत असाल तर तुमची ती उभी सळई लेबनॉनकडून आलेल्या लोकांनी मेक्सिकोत आणली. ती बरी चालते!

रमाकाकू

दोघांचंही भांडण मांसावरून चाललंय. आमच्यासारख्यांनी काय करायचं ते कोणीच सांगत नाही.

रेव्होलुसिओनवरच सीझर्स आहे. सीझर सॅलड 1924 मध्ये सीझर कार्दिनी या इटालियन माणसाने केलं, ते इथलं. वेटर लाकडी वाडगा घेऊन टेबलाशी येतो, लसूण घोटतो, मोहरीची पेस्ट, अंड्याचा बलक, लिंबू, तेल, वरून चीज, आणि लेट्यूसची अख्खी पानं त्यात घोळवतो. बघायला फार मजा येते. पण त्या घोटण्यात अँकोव्ही असते, म्हणजे मासळी. मी आधीच नको म्हणून सांगितलं, तो हसून 'सी, सेन्योरा' म्हणाला आणि मग वूस्टर सॉसची बाटली उचलली. त्यातही तीच मासळी! शिवाय सगळीकडची राजम्यासारखी घोटलेली उसळ बहुतेक डुकराच्या चरबीत परततात. 'सिन मान्तेका' (चरबीशिवाय) हे दोन शब्द पाठ करून जा.

मग उरतं काय? मक्याच्या दाण्यांचं एस्कितेस, लिंबू-तिखट मारलेला आंबा आणि हिकामा (एक कुरकुरीत कंद), आणि हमाइका, म्हणजे आपल्या लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत. झकास लागतं. पण तेवढ्यासाठी हद्द ओलांडायची नाही. म्हणून देशमुख, तुमचं गणित आम्हाला उलटं लागू पडतं. आम्ही बघायलाच जाणार. मेर्कादो हिदाल्गो या मंडईत वाळलेल्या मिरच्यांच्या राशी आणि तिखट चिंचेच्या वड्या बघूनच माझा अर्धा दिवस गेला.

इर्व्हाईनचा_बाप्या

मुळात जायचंच कशाला? 2018 साली या एका शहरात अडीच हजारांच्या आसपास खून झाले. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने या बाहा कॅलिफोर्निया राज्याला कित्येक वर्षं 'प्रवासाचा फेरविचार करा' या पातळीवर ठेवलंय. 2023 मध्ये तर सीमेकडच्या औषधांच्या दुकानांत फेंटानिल (जीवघेणं अमली औषध) मिसळलेल्या बनावट गोळ्या सापडल्याच्या बातम्या होत्या. आणि परतीची रांग? त्या रांगेत तीन तास उभं राहून टाको पचतो म्हणा.

देशमुख_सॅनडिएगो

बाप्या, यातले बहुतेक खून अमली पदार्थांच्या टोळ्यांचे आणि बाहेरच्या वस्त्यांमधले. दिवसाउजेडी जा, औषधं घेऊ नका, गाडी नेऊ नका (अमेरिकेतला विमा तिथे चालत नाही). ट्रॉलीची निळी लाईन हद्दीपाशी सोडते. अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा लागत नाही, पण पासपोर्टातला व्हिसाचा स्टँप संपत आलेल्यांनी आधी वकिलाला विचारावं. रांगेचं खरंय, सोमवारी सकाळी तर परतूच नये.

काकू, तुमचा मुद्दा बिनतोड आहे. पण मग सेकुत या सांस्कृतिक केंद्राला जा की, 1982 पासून तो मोठा गोल घुमट उभा आहे, लोक त्याला 'ला बोला' म्हणतात. तिथलं दोन्ही कॅलिफोर्नियांचं (अमेरिकेतल्या आणि मेक्सिकोतल्या) संग्रहालय रेव्होलुसिओनपेक्षा कितीतरी बरं.

मृण्मयी_क

प्लायासचं, म्हणजे इथल्या समुद्रकिनाऱ्याचं, नाव अजून कोणीच घेतलं नाही? तिथे हद्दीचं कुंपण सरळ पॅसिफिकमध्ये शिरतं. 1971 ला पॅट निक्सन यांच्या हस्ते अमेरिकेकडच्या बाजूला बाग सुरू झाली. पुढे दुभंगलेली कुटुंबं तिथेच भेटायची, जाळी इतकी बारीक की बोटाचं टोक तेवढं टेकायचं. 2020 पासून ती बाजू बंद. मेक्सिकोकडून मात्र थेट कुंपणापर्यंत जाता येतं. खांबांवर चित्रं आहेत, नावं आहेत, आणि दहा पावलांवर नारळपाणी नि शिंपले विकणारे.

लोक तिथे सेल्फी काढतात, ते मला पटत नाही. पण म्हणून ही जागा यादीतून गाळून 'फक्त टाको' म्हणणं त्याहून कमी पटतं.

शंकासुर

मृण्मयी, सेल्फीवाल्यांना हसू नका. गेलेल्या माणसाला निदान कुंपण दिसतं तरी. टाकोवाल्याकडून सरळ परतणाऱ्याला तेही नाही.

अवांतर: मक्यावरून आठवलं, वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे याच देशात मक्यावर संशोधन करत होते, मेक्सिकन चित्रकार दिएगो रिव्हेराने त्यांना भित्तिचित्रात बसवलंय. पण ते मेक्सिको सिटीत.

रमाकाकू

कुंपण बघून या, पण चपला काढून वाळूत फिरू नका, काचा असतात. आणि देशमुख, अंड्याचा बलक आणि अँकोव्ही दोन्ही वगळून ते सॅलड कोणी खाल्लंय का इथे? चव कशी लागते ते कळवा. पुढच्या महिन्यात नणंद येतेय, ती अंडंही खात नाही.