तांडेलांच्या अभ्यासक्रमात उत्तराची बटणे किती उशिराने उघडावीत?

प्रश्न (वेंगुर्ले)
१ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, म्हणून तांडेल (नौकेचे प्रमुख) आणि खलाशांना मोबाइलवर पाहता येईल असा सागरी सुरक्षेचा अभ्यासक्रम आम्ही त्याच दिवसांसाठी स्टोरीलाइन या अभ्यासक्रम बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार करत आहोत. एका स्लाइडवर पाणी शिरून बुडू लागलेली नौका आहे. व्हीएचएफ या नौकेवरील रेडिओच्या १६ क्रमांकाच्या चॅनेलवर ‘मेडे’ ही संकटाची हाक तीनदा कशी द्यावी आणि तटरक्षक दलाला १५५४ वर केव्हा कळवावे, हे निवेदनात सांगितले आहे आणि त्याखाली उत्तराची तीन बटणे आहेत. निवेदन सुरू होताच लोक बटण दाबत होते, म्हणून मी बटणे ८ सेकंद लपवून ठेवली. तेव्हा एका ज्येष्ठ तांडेलांनी मोबाइल बिघडला असे समजून तो बाजूला ठेवून दिला. उत्तराला २० सेकंदांची मर्यादाही घालावी, असे सहकाऱ्यांचे मत आहे. काय करावे?

उत्तर (रत्नागिरी)
विलंब सेकंदांवर न बांधता निवेदनावर बांधावा, असे माझे स्पष्ट मत आहे. उद्या ध्वनिमुद्रण पुन्हा केले आणि ते थोडे लांबले, तर ८ हा आकडा निरर्थक ठरतो. बटणांची सुरुवातीची स्टेट (अवस्था) ‘डिसेबल्ड’, म्हणजे दाबता न येणारी, ठेवावी आणि ध्वनिफीत पूर्ण होताच ती ‘नॉर्मल’ करणारा ट्रिगर (आपोआप कृती घडवणारी आज्ञा) लावावा. बटण फिकट का होईना, पण दिसत राहिले पाहिजे आणि त्याशेजारी ‘निवेदन संपल्यावर उत्तर देता येईल’ अशी ओळ असावी. स्लाइडवर परत येणाऱ्याला पुन्हा थांबावे लागू नये, यासाठी स्लाइडच्या गुणधर्मांत ‘रिझ्यूम सेव्ह्ड स्टेट’ निवडावे. ही गोष्ट हटकून विसरली जाते.

उत्तर (मालवण)
वरील उत्तराशी सहमत आहे, परंतु विलंबाचा खरा उपयोग उत्तर चुकल्यानंतर होतो. चूक होताच ‘पुन्हा प्रयत्न करा’ हे बटण समोर आले, तर माणूस स्पष्टीकरण न वाचता पुढचा पर्याय दाबतो. त्यासाठी स्पष्टीकरणाचा वेगळा लेअर (मूळ स्लाइडवर उघडणारा थर) करावा, त्याला स्वतःची टाइमलाइन (काय केव्हा दिसेल-ऐकू येईल याची कालरेषा) द्यावी आणि ती संपल्यावरच ते बटण सुरू करावे. मात्र या लेअरच्या गुणधर्मांत मूळ स्लाइडची टाइमलाइन थांबवण्याचा पर्याय निवडायला विसरू नये, नाहीतर मागचे निवेदन चालूच राहते. जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेला टायमर शक्यतो टाळावा, कारण मध्येच फोन आला आणि ब्राउझर मागे गेला की तो मंदावतो आणि टाइमलाइनशी त्याचा मेळ राहत नाही.

उत्तर (श्रीवर्धन)
विलंब आणि कालमर्यादा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वेबवरील मजकूर अपंगांसह सर्वांना वापरता यावा यासाठीच्या डब्ल्यूसीएजी या सुगम्यता निकषांत २००८ पासून असे म्हटले आहे की, वापरणाऱ्याला मर्यादा आधी बंद करता यावी, किंवा मूळ वेळेच्या किमान दहापट करता यावी, किंवा ती संपण्यापूर्वी सूचना मिळून एका साध्या कृतीने वाढवण्यासाठी किमान २० सेकंद मिळावेत. काही अपवाद आहेत, पण ही शिकण्याची स्लाइड आहे. अक्षरे लावून वाचणाऱ्या खलाशाला २० सेकंदांत तीन पर्याय वाचून होणार नाहीत आणि त्याचे उत्तर चुकले, तर ते ज्ञानाअभावी चुकले की वेळेअभावी, हे आपल्याला कधीच कळणार नाही.

प्रश्नकर्ता
कालमर्यादा काढून टाकली. बटणे आता निवेदनाला जोडली आहेत आणि सूचनेची ओळ मोठ्या अक्षरांत, निवेदकाच्या आवाजातही दिली आहे. त्याच तांडेलांना स्लाइड पुन्हा दाखवली, तेव्हा त्यांनी फिकट बटणांवर बोट धरून निवेदन शेवटपर्यंत ऐकले. स्पष्टीकरणाचा लेअर अजून करायचा आहे.