मदत हवी आहे : पार्लर वाढते आहे आणि मी पूर्ण थकून गेले आहे, महिनाभर बंद ठेवावे का?

मोरपंखी

माझे ब्यूटी पार्लर आहे आणि ते चांगले चालते. गेल्या वर्षभरात काम बरेच वाढले, तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखांची बुकिंग आत्ताच आली आहेत, आणि नेमक्या याच वेळी माझ्या अंगातले सगळे बळ संपले आहे. सकाळी शटर उघडायचा विचार मनात आला तरी छातीत धडधडते. जुन्या ग्राहकांचे फोन घ्यावेसे वाटत नाहीत. ज्या नवरीच्या मेकअपचा मी पूर्वी आदल्या रात्रीपर्यंत विचार करत असे, तिची ट्रायल चालू असताना ती लवकर आटोपावी एवढेच मनात येते. रात्रभर झोपूनही थकवा उतरत नाही.

मला एवढेच विचारायचे आहे की, पार्लर एक महिना पूर्ण बंद ठेवले तर ग्राहक टिकतात का? ज्यांनी प्रत्यक्ष असे केले आहे त्यांनी कृपया सांगावे. सकारात्मक विचार करा, पहाटे उठून फिरायला जा, हे सल्ले मला घरून पुष्कळ मिळाले आहेत. उत्तर लवकर हवे आहे, कारण या आठवड्यात जागामालकांना कळवायचे आहे.

गोदाकाठ

जागामालकांना काय कळवायचे आहे, ते आपण लिहिलेले नाही. भाडेवाढ आहे, जागा सोडायची आहे की आणखी जागा घ्यायची आहे? शहर कोणते, हाताखाली किती जणी आहेत, कर्जाचा हप्ता आहे का आणि आठवड्याची सुट्टी आपण स्वतः घेता का, हे कळल्याशिवाय महिनाभर बंद ठेवण्याबद्दल कोणी काही सांगितले तरी ते अंदाजाने सांगितलेले असेल.

शांतिवन

आपण इगतपुरीच्या धम्मगिरीला दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला जाऊन यावे, असे मी आग्रहाने सुचवतो. तेथे शुल्क घेत नाहीत, फोन जमा करावा लागतो आणि दहाव्या दिवसाच्या सकाळपर्यंत मौन असते. माझ्या नोकरीतील सर्वांत कठीण काळात मला त्याचा इतका लाभ झाला की त्यानंतर मी अनेकांना तेथे पाठवले आहे. महिनाभर व्यवसाय बंद ठेवण्याची गरजच पडणार नाही.

कोल्हापूरची_लेक

मोरपंखी ताई, मी याच व्यवसायात बरीच वर्षे आहे, म्हणून थेट उत्तर देते. थ्रेडिंग, वॅक्सिंग आणि रूट टच-अपचे ग्राहक महिनाभर थांबत नाहीत. भुवया तीन-चार आठवड्यांत वाढतात आणि बाई जवळच्या दुसऱ्या पार्लरमध्ये जाते, यात तिचा काही दोष नाही. तिथल्या मुलीचा हात बरा निघाला तर ती परत येईलच असे नाही. ब्रायडलचे ग्राहक मात्र थांबतात, कारण ते तारीख बघून येतात.

आमच्या धंद्यात बंद ठेवण्यासारखे दिवस पंचांगच ठरवून देते. चातुर्मासात लग्ने कमी असली तरी श्रावणात मंगळागौरी असतात, मग हरतालिका आणि गौरी-गणपतीची धांदल, आणि नवरात्रात दांडियाचे मेकअप. मोकळा सापडतो तो पितृपक्षाचा पंधरवडा. मी त्या पंधरवड्यात स्वतः पार्लरमध्ये पाऊल ठेवत नाही. थ्रेडिंगपुरत्या मुली अर्धा दिवस बसतात, पाटीवर तसे लिहिलेले असते, आणि ग्राहकांना आता ते पाठ झाले आहे. एक महिना पूर्ण कुलूप लावण्यापेक्षा पंधरा दिवस तुम्ही नसणे आणि पार्लर अर्धवेळ चालू असणे, हे मला जमले आहे.

हिशेबनीस

व्यवसाय वाढतो आहे असे वाचले म्हणून एक महत्त्वाची बाब नमूद करतो. सेवा व्यवसायाची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी आवश्यक ठरते, आणि एकाच पॅनवर दोन शाखा असतील तर दोन्हींची उलाढाल एकत्र धरली जाते. 22 सप्टेंबर 2025 पासून पार्लरच्या सेवांवरील दर 18 टक्क्यांवरून 5 टक्के झाला आहे, पण त्यासोबत इनपुट टॅक्स क्रेडिट मिळत नाही. म्हणजे खुर्च्या, यंत्रे आणि उत्पादने यांवर भरलेला कर आता खर्चातच जातो. नवी शाखा उभारताना हा हिशेब आधी मांडावा.

मोरपंखी

हिशेबनीस, माहितीबद्दल आभार, परंतु माझे हिशेब आमचे कर सल्लागार बघतात आणि मी ते विचारलेले नव्हते.

मी नाशिकची. सिडकोत पार्लर आहे. सहा मुली आहेत. गंगापूर रोडला दुसरी, मोठी जागा मिळते आहे, तिच्या मालकांना होकार किंवा नकार कळवायचा आहे. आधीच्या अंतर्गत सजावटीच्या कर्जाचा हप्ता चालू आहे. पार्लर सोमवारी बंद असते, पण मी सोमवारी माल आणायला जाते, मुलींचे पगार आणि कमिशन मांडते आणि ट्रायल घेते. नवरीचा मेकअप मीच करते, कारण लोक माझे काम बघून येतात. कोल्हापूरच्या ताईंचे उत्तर मला उपयोगाचे आहे, तसेच आणखी कोणी सांगू शकेल का?

गोदाकाठ

म्हणजे प्रश्न महिनाभर बंद ठेवण्याचा नसून, आठवड्यात एकही सुट्टी न घेणाऱ्या माणसाने दुसरी शाखा सुरू करावी की नाही, असा आहे.  सोमवारची सुट्टी आपल्या मुलींना मिळते आणि आपल्याला मिळत नाही.

पूर्वा_ठाणे

शांतिवन यांच्या सल्ल्याशी मी असहमत आहे. छातीत धडधडणे आणि झोपूनही थकवा न जाणे अशी लक्षणे असलेल्या व्यक्तीला आधी डॉक्टरांकडे पाठवायला हवे. गंभीर मानसिक त्रास असलेल्यांनी त्या शिबिराला येऊ नये, असे विपश्यना केंद्रांच्या सूचनांमध्येच म्हटलेले असते, आणि शिबिराच्या अर्जात मानसिक आरोग्याबद्दल विचारतात.

शांतिवन

पूर्वा ताई, मोरपंखी ताईंना गंभीर मानसिक आजार आहे असे त्यांनी कोठेही लिहिलेले नाही. थकलेल्या माणसाला दहा दिवस फोनपासून दूर ठेवणे यात अपाय काय आहे?

पूर्वा_ठाणे

आजार आहे की नाही, हे आपल्याला कळूच शकत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

वैद्य_नाही_डॉक्टर

या वादात थोडे स्पष्टीकरण देतो. आपण ज्याला बर्नआउट म्हणतो, त्याला जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये मान्य केलेल्या आयसीडी-11 या आजारांच्या वर्गीकरणात आजार म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणच्या, दीर्घकाळ न सुटलेल्या ताणातून निर्माण होणारी अवस्था, असे तिचे वर्णन आहे. शक्ती संपल्यासारखी वाटणे, कामापासून मन दुरावणे किंवा कामाबद्दल कडवटपणा येणे आणि आपल्या हातून काम नीट होत नाही असे वाटणे, ही तिची तीन अंगे. पहिली दोन आपल्या लिहिण्यात स्पष्ट दिसतात.

परंतु असाच थकवा थायरॉइडच्या बिघाडात, रक्तक्षयात आणि बी-12 च्या कमतरतेतही येतो, म्हणून हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि बी-12 या तपासण्या आधी करून घ्याव्यात. धडधड होते त्या अर्थी ईसीजीही काढावा. पार्लर सोडून इतर गोष्टींतही आनंद वाटेनासा झाला आहे का? भूक कमी झाली आहे का? हे दोन आठवड्यांहून अधिक काळ चालू असेल तर ते नैराश्य असू शकते, आणि त्यावर केवळ सुट्टी हा उपाय पुरत नाही. जवळ कोणी मानसोपचारतज्ज्ञ माहीत नसतील तर टेलीमानस या सरकारी सेवेच्या 14416 या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते, मराठीतही.

व्यवहारी_माणूस

सर्व जण आरोग्यावर बोलत आहेत, पण मूळ दुखणे हे आहे की ताई मुलींना ब्रायडल शिकवत नाहीत. शिकवल्या की मुली सोडून जातात आणि ग्राहक घेऊन जातात, ही भीती असते. यावर उपाय म्हणजे प्रत्येकीकडून बाँड लिहून घ्या, की सोडल्यावर दोन वर्षे नाशिकमध्ये पार्लर काढणार नाही.

अशील

असा बाँड कागदावरच राहील. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 27 नुसार व्यवसाय करण्यास अटकाव करणारा करार त्या मर्यादेपर्यंत निरर्थक ठरतो, आणि नोकरी सोडल्यानंतर अमुक गावात धंदा करू नये ही अट त्यातच मोडते. नोकरीत असताना पाळायच्या अटी आणि प्रशिक्षणावर झालेला वाजवी खर्च मागण्याची अट, हा वेगळा विषय आहे.

कोल्हापूरची_लेक

मुली जातातच, आणि मीही अशीच कोणाच्या तरी पार्लरमधून शिकून बाहेर पडलेली आहे. मी दोन मुलींना आधी फक्त साडी आणि हेअरस्टाइल दिली. नऊवारी नेसवणे, अंबाडा, खोपा, गजरे ही कामे त्यांच्याकडे गेली आणि माझ्याकडे फक्त चेहरा राहिला. एका लग्नात माझे पाच तास जात, ते दोनवर आले. नंतर हळदीचे आणि साखरपुड्याचे मेकअप त्यांना दिले, दरपत्रकावर माझा दर वेगळा आणि त्यांचा वेगळा लिहिला. बहुतेक घरांनी साखरपुड्याला मुलींचा दर निवडला, आणि त्या मुलींना कमिशन जास्त मिळू लागल्यामुळे त्या टिकल्याही. ताई, तुमच्या सहा जणींपैकी साडी नेसवणे किती जणींना येते?

रसायनवाचक

एक गोष्ट कोणीच विचारली नाही. आपल्याकडे केरॅटिन आणि स्मूदनिंग, म्हणजे केस सरळ करण्याचे काम, किती होते आणि त्या खोलीत हवा खेळती असते का? डोके जड होते का, डोळे चुरचुरतात का?

मोरपंखी

साडी दोघींना उत्तम येते, तिसरी शिकते आहे. डॉक्टरांना उत्तर : भूक आहे. घरी भाचीबरोबर खेळताना बरे वाटते, म्हणजे सगळ्याच गोष्टींतला आनंद गेलेला नाही. रक्ताच्या तपासण्या आणि ईसीजी करून घेते.

केरॅटिन आठवड्यातून पुष्कळदा होते, आतल्या एसीच्या खोलीत होते, आणि हो, संध्याकाळी डोके दुखते. पण त्याचा थकव्याशी काय संबंध?

रसायनवाचक

डोकेदुखीशी तरी असू शकतो. केस सरळ करण्याच्या अनेक द्रावणांत फॉर्मल्डिहाइड किंवा मिथिलीन ग्लायकॉल असते. मिथिलीन ग्लायकॉलच्या बाटलीवर फॉर्मल्डिहाइड नाही असे छापलेले असले, तरी गरम इस्त्री फिरवली की वाफेतून तोच वायू सुटतो. तो डोळे आणि घसा जाळतो, डोके दुखवतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 पासून त्याला माणसात कर्करोग घडवणारा पदार्थ मानलेले आहे. घरगुती स्प्लिट एसी खोलीतली हवाच फिरवतो, बाहेरची आत घेत नाही. ग्राहक ती वाफ वर्षातून एक-दोनदा घेते, आपण आणि आपल्या मुली रोज घेतात. इस्त्री चालते त्या भिंतीला एक्झॉस्ट पंखा बसवा आणि तोवर ते काम खिडकीजवळ करा. तुमचा सगळा थकवा यामुळे आहे असे मी म्हणत नाही, पण सुट्टीवरून परत त्याच खोलीत जाणार असाल तर डोकेदुखी परत येईल.

व्यवहारी_माणूस

पंखा बसवावा, ते ठीकच आहे. पण गंगापूर रोडची जागा पुन्हा मिळणार नाही. त्या भागात मागणी आहे. ताईंनी धाडस करून जागा घ्यावी आणि चांगली मॅनेजर ठेवावी, असे माझे मत आहे.

गोदाकाठ

मॅनेजरला काम समजावून द्यायलाच काही महिने जातात, आणि ते समजावण्याचे बळ ज्यांच्याकडे आज नाही त्यांना आपण हा सल्ला देत आहात. मी त्याच भागात राहतो आणि तेथे रिकामे गाळे नेहमी दिसतात, म्हणून ही शेवटची संधी आहे असे मला वाटत नाही.

मोरपंखी

मी मालकांना आज फोन करून दिवाळीनंतर कळवते असे सांगणार आहे. पितृपक्षात मी नसेन, अशी पाटी उद्याच लावते, आणि सोमवारी ट्रायल घेणे बंद करते. मुलींना साडी आणि केशरचना सोपवण्याबद्दल कोल्हापूरच्या ताईंना थोडे अधिक विचारायचे आहे : ज्या वधूंकडून मी आधीच इसार घेतला आहे, त्यांना हे कसे सांगितलेत?

कोल्हापूरची_लेक

ज्यांचा इसार घेतला होता त्यांना जुन्या बोलीप्रमाणेच काम दिले, चेहरा आणि साडी दोन्ही मीच. मुलगी माझ्याबरोबर उभी राहिली आणि निऱ्या तिने घातल्या, एवढेच. नवी बोली नव्या बुकिंगपासून, छापील दरपत्रकावर. ज्या महिन्यात लग्नतिथी दाट आहेत, त्या महिन्यात एका दिवशी एकच नवरी घ्यायची, हेही तेव्हाच ठरवले.

गोदाकाठ

मालकांशी बोलताना एवढे पाहा की, जागा राखून ठेवण्यासाठी ते टोकन रक्कम मागतील तर ती परत मिळण्याची अट लेखी घ्या. पुढे लीव्ह अँड लायसन्सचा करार झाला तर महाराष्ट्रात तो नोंदवावाच लागतो, आणि त्यात लॉक-इन, म्हणजे जागा सोडता न येण्याचा काळ, किती महिन्यांचा आहे ते सही करण्याआधी वाचा. त्यांनी मसुदा दिला आहे का?