इंग्लंडमध्ये रो हरणाच्या शिकारीचा हंगाम नेमका कधी संपतो?

प्रश्न: एक अनुभवी मित्र म्हणतो की हंगाम ३१ ऑक्टोबरला संपतो, तर दुसऱ्याच्या मते तो मार्चअखेरपर्यंत चालतो. यांपैकी कोणाचे खरे मानावे?

उत्तर १: दोघांचेही खरे आहे, कारण तारीख केवळ जातीवर नव्हे, तर नर-मादीवरही ठरते. रो नरांचा हंगाम १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर आणि माद्यांचा १ नोव्हेंबर ते ३१ मार्च असतो. पाडसे मे-जूनमध्ये जन्मत असल्याने त्या काळात माद्यांना संरक्षण मिळते.

उत्तर २: खरी गफलत नोव्हेंबरनंतर होते, कारण तोवर नरांची शिंगे गळू लागतात आणि डोके पाहून काहीच कळत नाही. अशा वेळी मागचा पांढरा डाग निरखून पाहावा. मादीच्या डागाखाली शेपटीसारखा केसांचा झुपका लोंबतो, नराचा नाही. तो झुपका स्पष्ट दिसल्याखेरीज मी तरी बंदूक उचलत नाही.

प्रश्नकर्ता: स्कॉटलंडमध्येही हेच नियम आहेत का?

उत्तर १: नाही. तिथे नरांचा बंदीकाळ ऑक्टोबर २०२३ मध्ये रद्द झाला; माद्यांचा मात्र कायम आहे.