अनुभव नसताना आयटीत पहिली नोकरी कशी मिळाली? तुमचे अनुभव सांगा

कृष्णाकाठ
काल रात्री भाच्याचा फोन आला. बीएस्सी झालाय, तीन महिने पुण्यात कॉट बेसिसवर राहतोय. "मामा, वर फ्रेशर पाहिजे लिहितात आणि खाली दोन वर्षांचा अनुभव मागतात. तो आणू कुठून?" आवाज इतका पडलेला होता की मला झोप लागेना.

मी 2001 साली असाच सांगलीहून आलो होतो. फिजिक्सवाला. वायटूकेची, म्हणजे 2000 सालासाठी जुन्या प्रोग्रॅममधल्या तारखा दुरुस्त करायची, कामं संपलेली, अमेरिकेत डॉटकॉम कंपन्या बसलेल्या, कंपन्यांनी घेतलेली मुलंही बेंचवर, म्हणजे कामाविना बसून होती. रेझ्युमे गेटवरच वॉचमन घ्यायचा आणि खोक्यात टाकायचा. शेवटी नारायण पेठेत एका दुकानात कॉम्प्युटर जोडायला लागलो. विंडोज 98 टाकायचं, मशीन चालू होत नसेल तर रॅमच्या पट्ट्या खोडरबरानं घासायच्या. एका छापखान्याचं फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरमधलं बिलिंग अडलं होतं. नोंदी शोधायची इंडेक्स फाइल बिघडलेली, ती नव्याने केली आणि चाललं. मालक खूश. मग दुकान बंद झाल्यावर रोज संध्याकाळी जाऊन त्यांच्यासाठी कागदाच्या साठ्याचा हिशोब लिहिला. किती रिमं आली, किती छपाईत गेली, किती वाया.

पुढे एका छोट्या कंपनीत मुलाखत. "अनुभव?" "नाही." साहेब म्हणाले, "मग रोज करता काय?" छापखान्याचं सांगितलं. तासभर ते फक्त त्यावरच विचारत होते. अर्धं छापून बिघडलेला रिम कुठे धरता, हेसुद्धा! पगार 4,500. त्या माणसाला मी विसरू शकत नाही.

तुमचं सांगा. भाच्याला वाचायला देणार आहे.

सोनटक्का
कॉट बेसिस!! रविवारी संध्याकाळी मेस बंद, आठवलं का? आम्ही सहा जणी, एक गॅस, आणि पोह्यांवर दिवस काढलेत. भाच्याला सांगा, नीट जेव म्हणावं आधी.

वांगीभात
कुकर लावलाय, तेवढ्यात लिहिते. तालुक्याला एमएस-सीआयटी शिकवायचे मी, 2006. बॅचला माझ्या आईच्या वयाच्या बायका असायच्या, माऊस धरताना हात थरथरायचे. कुठे अडतात, काय चुकीचं दाबतात ते मी वहीत लिहून ठेवायचे, पुढच्या बॅचला उपयोगी म्हणून. लग्नानंतर पुण्यात मॅन्युअल टेस्टिंगच्या (सॉफ्टवेअर हाताने वापरून चुका शोधायच्या) मुलाखतीत समोर लॉगिनचा स्क्रीन ठेवला आणि म्हणाले यात काय काय चुकू शकतं सांगा. मी थांबेचना. कॅप्स लॉक, पासवर्डच्या मागे स्पेस, दोनदा एंटर, बॅक बटण... सगळ्या माझ्या बॅचच्या बायकाच डोळ्यासमोर. शिट्टी झाली, येते.

घाटमाथा
कोणी अनुभवाचं पत्र विकत देतो म्हणालं तर तिथून उठून या. 2016 ला मलाही विचारलं होतं. पैसे नव्हते म्हणून वाचलो. रूममेटनं घेतलं, नोकरी लागली, पडताळणीत पीएफचा इतिहास मागितला. यूएएनमध्ये, म्हणजे पीएफच्या कायम खाते क्रमांकावर, त्या कंपनीची नोंदच नाही. आठव्या महिन्यात काढलं. वाईट मुलगा नव्हता हो, घरी कर्ज होतं.

सोनटक्का
@घाटमाथा आता कसा आहे तो?

घाटमाथा
नाशिकला आहे, द्राक्षं आणि भावाचं दुकान. बरा आहे. फोन असतो दिवाळीला.

रानजाई
माझे तर मूळ दाखले ठेवून घेतले होते. दोन वर्षांचा बॉण्ड. बाबा आजारी पडले तेव्हा सोडायचं होतं, दाखल्यांसाठी दीड महिना खेपा घातल्या. कंपनीचं नाव नको. पण मुलांनो, पडताळणीला दाखवा, प्रती द्या, मूळ कागद कुणाकडेही ठेवू नका.

तिफण
मी चाकणला स्टोअर्समध्ये होतो, डिप्लोमा मेकॅनिकल. रोज जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) आणि सप्लायरची बिलं जुळवायला तीन तास. एक्सेलमध्ये मॅक्रो, म्हणजे तेच काम आपोआप करणारा छोटा प्रोग्रॅम, रेकॉर्ड करून बघितला, मग तो उघडून आत काय लिहिलंय ते वाचायला लागलो. दोन महिन्यांत ते काम दहा मिनिटांवर आलं. पुढे कंपनीत एसएपी (खरेदी, साठा, हिशोब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) आलं तेव्हा स्टोअर्सकडून की युझर, म्हणजे विभागाची गरज सांगणारा माणूस, म्हणून मलाच बसवलं. कन्सल्टंटला सिस्टीम माहीत, पण माल गेटवर येतो, बिल आठवड्यानं येतं, निम्मा माल परत जातो, हे मला माहीत. एसएपीत 101 या कोडने माल आत घ्यायचा आणि 102 ने तीच नोंद उलटी करायची, हे पहिल्यांदा केलं तो दिवस अजून आठवतो. आज एसएपीच्या एमएमचा (खरेदी आणि साठ्याचा भाग) कन्सल्टंट आहे, 11 वर्षं झाली. भाच्याला विचारा, घरचं दुकान, डेअरी, पतसंस्था काही आहे का? तिथला हिशोब त्याला कळत असेल तर ते लपवू नको म्हणावं.

वांगीभात
@तिफण माझा भाऊ चाकणलाच स्टोअर्सला आहे!! एसएपीचं कुठून सुरू करायचं? क्लासवाले फी फार सांगतात.

तिफण
ताई, कंपनीत एसएपी असेल तर आधी तिथलं लॉगिन मागू दे. क्लास नंतर. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, सविस्तर सांगतो.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. सकाळीच भाच्याला फोन केला, तिफण यांचा प्रश्न विचारला. घरी दूध संकलन आहे, फॅट आणि एसएनएफवर (दुधातले स्निग्धांश सोडून बाकीचे घन घटक) दर. आठवड्याचा हिशोब दोन वर्षं तोच मोबाइलवरच्या शीटमध्ये करतोय, 140 खातेदारांचा. रेझ्युमेमध्ये याचा एक शब्द नाही! आज रात्री दोघं मिळून बसतोय. पंधरवडा उलटून गेल्यावर एखाद्याचा दर बदलला तर फरक कसा काढतोस, एवढं विचारलं, तर तो अर्धा तास बोलत होता.