स्वतंत्र कॅमेरा दुकानातून खरेदी करण्याने ग्राहकाच्या हाती नेमके काय पडते, आणि अशी दुकाने टिकतील का?

मंदप्रकाश (मूळ प्रश्न)

मी बरीच वर्षे हौसेने छायाचित्रण करतो आहे आणि आता डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) सोडून मिररलेस (आरसा नसलेली) बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, घेण्याचा विचार पक्का झाला आहे. माझ्याकडे निकॉन एफ माउंटच्या (माउंट म्हणजे लेन्स बॉडीला जिथे बसते तो जोड) काही जुन्या लेन्स आहेत आणि त्या अडॅप्टर लावून वापरण्याची इच्छा आहे. कोणते मॉडेल घ्यावे, हा माझा प्रश्न नाही. ते कुठून घ्यावे, याबद्दल मात्र मन द्विधा झाले आहे.

मालक स्वतः काउंटरवर उभा असतो, नवा माल, जुना माल, दुरुस्ती आणि छपाई हे सारे एकाच छताखाली चालते, अशी दुकाने सर्वत्र कमी होत चालली आहेत. त्यामागचे कारण उघड आहे. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या सीआयपीए या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० मध्ये जगभरात १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते. २०२३ मध्ये ही संख्या ७७ लाखांच्या आसपास आली. पुढच्या वर्षी ती ८५ लाखांच्या जवळ पोहोचली खरी, पण मूळ घसरणीपुढे ही वाढ फारच लहान आहे. ब्रिटनमधील जेसॉप्स या मोठ्या साखळीला जानेवारी २०१३ मध्ये आपली सगळी दुकाने बंद करावी लागली होती. जिथे साखळ्या कोसळल्या, तिथे एकट्या दुकानदाराने कशाच्या जोरावर उभे राहावे?

मला अशा दुकानांबद्दल मनापासून आपुलकी आहे. तरीही तेथे चार पैसे जास्त मोजले, तर ती केवळ आपुलकीपोटी दिलेली मदत ठरते की त्याच्या बदल्यात माझ्या छायाचित्रणाला उपयोगी असे काही मिळते, हे जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे.

---

काउंटरमागचा

मी अशाच एका दुकानात अनेक वर्षे काम केले आहे, त्यामुळे आधी व्यवहाराची बाजू सांगतो, कारण ती समजल्याशिवाय टिकण्याची चर्चा अधांतरी राहते.

नव्या बॉडीच्या विक्रीत दुकानदाराला फारच थोडे सुटते. किंमत आणि पुरवठा दोन्ही उत्पादकाच्या हाती असतात, आणि मोठ्या संख्येने माल उचलणाऱ्याला ज्या सवलती मिळतात त्या लहान दुकानापर्यंत पोहोचत नाहीत. फिल्मच्या काळात दुकान चालत असे ते रोलवर. रोल धुवायला टाकण्यासाठी एकदा आणि प्रिंट घेण्यासाठी पुन्हा एकदा, असा प्रत्येक ग्राहक दोनदा पायरी चढत असे, आणि त्या येण्याजाण्यात अल्बम, बॅटरी, फिल्टर, कधी एखादी लेन्स विकली जाई. डिजिटल कॅमेऱ्याने ही वर्दळ थांबवली आणि पुढे फोनने लहान कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याचा खपही नेला. आता उरला आहे तो लेन्स बदलता येणाऱ्या महागड्या कॅमेऱ्यांचा व्यवसाय, ज्यात एकेका नगावर मोठी रक्कम अडकून पडते आणि नवे मॉडेल जाहीर झाले की शेल्फवरच्या नगाची किंमत उतरते.

म्हणून आज जी दुकाने उभी आहेत ती प्रामुख्याने जुन्या मालाची खरेदी-विक्री, लेन्स भाड्याने देणे, सेन्सरची (बॉडीतील प्रतिमा टिपणाऱ्या भागाची) सफाई, चांगल्या कागदावरची छपाई आणि प्रशिक्षण यांवर उभी आहेत. दुकान टिकावे असे ज्याला वाटते त्याने केवळ नवी बॉडी तेथून घेऊन थांबू नये. आपली जुनी डीएसएलआर त्यांना विकावी, वर्षातून एकदा तरी प्रिंट काढून घ्यावेत, सेन्सर तिथेच साफ करून घ्यावा. नव्या बॉडीची खरेदी निरर्थक आहे असे मात्र मी म्हणणार नाही, कारण ठरावीक उलाढाल दाखवता आली नाही तर अधिकृत विक्रेता म्हणून असलेले नाते टिकवणे दुकानाला जड जाते, आणि ते नाते तुटले की वॉरंटीची कामे आणि नवे नग पाहण्याची सोय हे दोन्ही जाते.

एक गोष्ट मला अत्यंत खटकते. काउंटरवर तासभर तीन बॉड्या हाताळायच्या, चष्मा लावून व्ह्यूफाइंडरचे कोपरे दिसतात का ते पाहायचे, जड लेन्स लावल्यावर पकड कशी बसते ते अजमावायचे, सगळे प्रश्न विचारून घ्यायचे आणि खरेदी दुसरीकडे करायची, हा प्रकार दुकानाला आतून पोखरतो. दुकानांनी या वेळेचे शुल्क उघडपणे आकारावे आणि खरेदी केल्यास ते बिलातून वजा करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्ञान फुकट वाटायचे आणि खोक्यातील मालावर पैसे मिळवायचे, ही रीत ज्या काळात चालत होती तो काळ आता उरलेला नाही.

---

हिशेबी

वरील म्हणण्यातील बरेचसे मान्य आहे, पण दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. दुकान स्वतंत्र आहे एवढ्यावरून तेथील सल्ला निःपक्षपाती ठरत नाही. जे शेल्फवर आहे तेच तुमच्यासाठी योग्य आहे असे सांगणारे विक्रेतेही आपण सर्वांनी पाहिले आहेत. नवख्या ग्राहकाला, विशेषतः स्त्रियांना आणि अगदी तरुण मुलांना, काउंटरवर तुच्छतेने वागवले गेल्याच्या तक्रारी खोट्या नाहीत. जुन्या मालाच्या बाबतीतही केईएच ही अमेरिकन कंपनी १९७९ पासून आणि एमपीबी ही ब्रिटिश कंपनी २०११ पासून वस्तू तपासून, श्रेणी लावून, वॉरंटीसह विकत आली आहे. विद्यार्थ्याला किंवा नुकतीच कामे घेऊ लागलेल्या छायाचित्रकाराला किमतीतला फरक सोसत नसेल, तर त्याच्यावर नैतिकतेचे ओझे टाकणे मला योग्य वाटत नाही. जे दुकान खरोखर काही देते त्याला जरूर पैसे द्यावेत.

---

स्क्रूड्रायव्हर

मी दुरुस्तीचे काम करतो. प्रश्नात अडॅप्टरचा उल्लेख आला आहे आणि दुकानातून काय मिळते याचे उत्तर त्यातच दडलेले आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

निकॉन एफ माउंटमध्ये माउंटच्या पृष्ठभागापासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचे अंतर ४६.५ मिलिमीटर आहे. निकॉन झेडमध्ये ते १६, सोनी ई माउंटमध्ये १८ आणि कॅनन आरएफमध्ये २० मिलिमीटर आहे. अडॅप्टर म्हणजे मुख्यतः या दोन अंतरांतील फरक भरून काढणारी नळी. एफ लेन्स झेड बॉडीवर लावायची तर ती ३०.५ मिलिमीटर जाडीची हवी. ती किंचित जास्त जाड निघाली तर दूरचे दृश्य कधीच पूर्ण फोकसमध्ये येत नाही, आणि किंचित पातळ निघाली तर लेन्सवरील अंतराच्या खुणा निरुपयोगी ठरतात. स्वस्त अडॅप्टरमध्ये हा दोष नगागणिक वेगळा असतो, त्यामुळे इतरांचे अभिप्राय वाचून तुमच्या हातात येणाऱ्या नगाविषयी काहीही कळत नाही. तुमची स्वतःची लेन्स घेऊन जा, दुकानाच्या बॉडीवर ती लावा, दारात उभे राहून दूरच्या एखाद्या उभ्या कडेवर फोकस करा आणि प्रतिमा मोठी करून पाहा. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: बॉडीतील मोटरवर चालणाऱ्या जुन्या एएफ आणि एएफ-डी लेन्स निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरवर ऑटोफोकस करत नाहीत, कारण त्यात मोटर नाही. हे जाणणारा माणूस समोर असेल तर तो पैसे घेण्याआधीच तुमच्या लेन्स पाहून ते सांगतो.

जुन्या लेन्सच्या तपासणीचेही असेच आहे. जाहिरातीतील समोरून घेतलेल्या फोटोत काच लखलखीत दिसते. तीच लेन्स ॲपर्चर (प्रकाश आत सोडणारे, पात्यांनी लहानमोठे होणारे छिद्र) पूर्ण उघडून, मागच्या बाजूने तिरपा टॉर्च मारून पाहिली की आतल्या घटकांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पसरलेले बुरशीचे धागे, तेलाची वाफ बसून आलेला धुरकटपणा किंवा दोन काचा जोडणारा थर सुटू लागल्याने कडेला पडलेले इंद्रधनुषी डाग दिसू लागतात. यांतील धुरकटपणा बहुधा साफ होतो. बुरशी लवकर सापडली तर निघते, पण तिने काचेवरचा लेप खाल्ला असेल तर खूण कायम राहते. जोडाचा थर सुटला असेल तर बहुतेक लेन्सबाबत दुरुस्ती परवडत नाही. ॲपर्चरच्या पात्यांवर तेल आले असेल तर ती सुस्तावतात आणि प्रत्येक फ्रेमचे एक्स्पोजर वेगळे येते. श्रेणी लावून विकणाऱ्या मोठ्या कंपन्या ही तपासणी करतात, याबद्दल हिशेबी यांच्याशी मी सहमत आहे. फरक असा की दुकानात ती तुमच्या डोळ्यांदेखत होते, तुम्हाला टॉर्च हातात मिळतो आणि पुढच्या वेळी काय पाहायचे ते तुम्ही शिकता.

आता टिकण्याविषयी. दुरुस्ती करणारे बहुतेक कारागीर स्वतः ग्राहक शोधत नाहीत. काम दुकानाच्या काउंटरवर जमा होते आणि तेथून त्यांच्याकडे येते. निकॉनने अमेरिकेतील अधिकृत स्वतंत्र दुरुस्ती केंद्रांचे करार मार्च २०२० नंतर चालू ठेवले नाहीत, आणि त्यामुळे त्या केंद्रांचा मूळ सुट्या भागांचा मार्गच बंद झाला. आज सुटे भाग मिळवण्याचा एक मोठा आधार म्हणजे दुकानात जमा होणाऱ्या बंद पडलेल्या बॉड्या. दुकान बंद झाले की ग्राहक, कारागीर आणि सुटे भाग यांना जोडणारी जागाच नाहीशी होते आणि प्रकाश आत शिरू न देणाऱ्या साध्या फोमच्या पट्ट्या बदलण्यासाठीही कॅमेरा दूर पाठवावा लागतो. काम शिकू पाहणारी तरुण मुले मला भेटतात, पण त्यांना हात बसेपर्यंत पगार देऊ शकेल असे दुकान सापडत नाही, ही माझी सर्वांत मोठी काळजी आहे.

---

रोलवाला

फिल्म वापरणाऱ्यांच्या वतीने एक मुद्दा जोडतो. रंगीत निगेटिव्हसाठीची सी-४१ प्रक्रिया १९७२ पासून प्रचलित आहे. तिच्यात डेव्हलपर ३७.८ अंश सेल्सिअसवर ठेवून ३ मिनिटे १५ सेकंद काम करू द्यावे लागते, आणि तापमानात अर्ध्या अंशाचा फरकही रंगांवर परिणाम करू शकतो. यंत्रातील रसायन धुतल्या जाणाऱ्या रोलच्या प्रमाणात थोडेथोडे बदलत राहावे, अशी त्याची रचना असते. रोल कमी आले की तेच द्रावण टाकीत पडून हवेने खराब होते, मग चाचणीच्या पट्टीवर रंग सरकलेले दिसतात आणि दुकानदाराला ते महागडे रसायन फेकून द्यावे लागते. आठवडाभरात मोजकेच रोल येणाऱ्या दुकानात गुणवत्ता राखणे म्हणूनच इतके कठीण असते. येथे ग्राहकांची नियमितता हीच यंत्राची देखभाल असते.

कोडॅक्रोम या कोडॅकच्या रंगीत स्लाइड फिल्मचे उदाहरण अनेकांना ठाऊक असेल. कोडॅकने २००९ मध्ये ही फिल्म बंद केल्याचे जाहीर केले आणि ती धुण्याची खास प्रक्रिया शेवटी अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातील पार्सन्स या लहान गावातील ड्वेन्स फोटो या एकाच कौटुंबिक लॅबमध्ये उरली. तिने २०१० च्या अखेरीस रोल स्वीकारणे थांबवल्यावर, ज्यांच्याकडे न धुतलेले रोल शिल्लक होते त्यांना त्यांतून रंगीत पारदर्शिका (स्लाइड) मिळवण्याची व्यावसायिक सोय उरली नाही. सी-४१ वर तशी वेळ आलेली नाही, कारण नव्या पिढीतील अनेकजण फिल्मकडे वळले आहेत आणि पेंटॅक्सने २०२४ मध्ये पेंटॅक्स १७ हा नवा फिल्म कॅमेराही बाजारात आणला. पण हे तरुण ग्राहक महिनोन्‌महिने रोल साठवून एकदम दूरच्या लॅबला पाठवतात. त्यांनी जवळच्या दुकानात दर पंधरवड्याला एकेक रोल दिला, तर त्या दुकानाचे यंत्र चालू राहील.

---

मंदप्रकाश

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मी लेन्स घेऊन दुकानात जाईन, तपासणीच्या वेळेचे शुल्क स्वतःहून विचारीन, आणि जुनी डीएसएलआर परस्पर विकण्याऐवजी तेथेच देईन, भले थोडी रक्कम कमी मिळाली तरी. माझ्या लेन्सपैकी दोन एएफ-डी आहेत, हे स्क्रूड्रायव्हर यांच्या उत्तरानंतर तपासून पाहिले. त्यामुळे बॉडीचा निर्णयही पुन्हा विचारात घ्यावा लागेल. दुकान चांगले आहे की नाही हे पहिल्या भेटीत कसे ओळखावे?

---

काउंटरमागचा

जुन्या मालाच्या कपाटातील एखादी लेन्स दाखवायला सांगा आणि तिच्यात काय दोष आहे असे थेट विचारा. चांगला दुकानदार टॉर्च काढून स्वतःच दोष दाखवतो, वॉरंटी किती दिवसांची आहे आणि तिच्यात काय बसत नाही हे पावतीवर लिहून देतो, आणि तुमच्या कामाला ती लेन्स योग्य नसेल तर तसे सांगून ती परत कपाटात ठेवतो. त्या दोन एएफ-डी लेन्स सोबत न्यायला विसरू नका. त्यांच्यासाठी बॉडीतच मोटर असलेली डीएसएलआर हाताशी ठेवणे अधिक शहाणपणाचे आहे का, हेही तेथेच विचारून घ्या.